गाडी सुरू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा, आणि बदलायचीच असेल तर अशी निवडा

मोटरसायकल सुरू झाली नाही की आजूबाजूला जमलेल्यांचं निदान ठरलेलं असतं: "बॅटरी गेली." पुष्कळदा ते खरंही निघतं. पण बॅटरी उतरली असेल तर ती चार्ज करून चालते, आणि निकामी झाली असेल तरच बदलावी लागते. तिसरी शक्यता अशी की बॅटरी धडधाकट आहे, पण गाडी तिला चार्जच करत नाही. अशा वेळी नवीन बॅटरी घातली तरी थोड्या दिवसांत तीही उतरते, आणि दोष मात्र बॅटरीच्या कंपनीवर जातो. माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये नवीन बॅटरी घातली गेली. पुढे तोच त्रास पुन्हा सुरू झाला आणि शेवटी गुन्हेगार निघाली गंजलेली अर्थिंगची वायर.

म्हणून या लेखाचा क्रम आधी ऐका, मग मोजा आणि शेवटी खरेदी करा, असा आहे. नवशिक्यालाही यातलं बहुतेक सगळं घरी जमतं.

## १. हाताशी काय हवं

एक साधा डिजिटल मल्टिमीटर. बाकी सगळं उसनं चालेल, पण हा स्वतःचा घ्या, स्वस्तातला चालतो. त्याशिवाय बॅटरीच्या टर्मिनलला बसेल असा स्क्रू ड्रायव्हर आणि पाना (बहुतेक गाड्यांना १० मिमीचा लागतो), स्पार्क प्लगचा पाना, बारीक पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश, त्याच क्षमतेचे एकदोन जादा फ्यूज, रबरी हातमोजे आणि चष्मा.

कागदपत्रांत दोनच गोष्टी. गाडीचं मॅन्युअल, कारण फ्यूज कुठे आहेत आणि बॅटरीचा नेमका प्रकार कोणता हे त्यात असतं. आणि सध्याच्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड. मुदत शिल्लक असताना नवीन बॅटरी विकत घेणारे लोक मी पाहिले आहेत.

## २. सेल्फचं बटण दाबा आणि कान द्या

चावी फिरवा, बटण दाबा आणि नेमकं काय होतं ते लक्षात ठेवा. निम्मं निदान इथेच होतं.

काहीच नाही, मीटरवर दिवासुद्धा नाही: मेन फ्यूज उडालाय, बॅटरीचं टर्मिनल निसटलंय, बॅटरी पूर्ण रिकामी आहे किंवा चावीच्या स्विचमध्ये दोष आहे.

दिवे झगझगीत, पण सेल्फ मुका: बॅटरीला दोष देऊ नका. बहुधा एखादा सुरक्षा स्विच अडवतोय. पुढचा मुद्दा याच्यासाठीच आहे.

टक्-टक्-टक् असा भराभर आवाज आणि दिवे मंदावणं: उतरलेल्या बॅटरीची ही खास खूण. रिले (सेल्फच्या मोटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच) ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतो, रिले सुटतो, आणि तेच चक्र पुन्हा. सैल टर्मिनलमुळेही हुबेहूब असाच आवाज येतो.

एकच 'टक्' आणि मग शांतता, दिवे मात्र ठीक: रिलेच्या आतले पॉइंट जळलेत किंवा सेल्फची मोटर अडकलीय.

मोटर फिरल्याचा सूं-सूं आवाज, पण इंजिन हलतच नाही: स्टार्टर क्लच घसरतोय. हे गॅरेजचं काम, इथेच थांबा.

इंजिन सुस्तपणे, अडखळत फिरतं: बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थिंग.

इंजिन जोमात फिरतं, पण गाडी सुरू होत नाही: बॅटरीचा प्रश्न जवळपास निकालात निघाला. थेट सहाव्या मुद्द्यावर जा.

एक पथ्य: बटण सलग पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवू नका आणि दोन प्रयत्नांत दहा-पंधरा सेकंदांची उसंत द्या. सेल्फची मोटर प्रचंड करंट ओढते. ती तापून जळते आणि उरलीसुरली बॅटरीही संपते.

## ३. पाना हातात घेण्याआधी हे बघा

किल स्विच. लाल रंगाचा, उजव्या हाताशी. गाडी धुताना, पोरांनी खेळताना किंवा हँडलवर कव्हर ओढताना तो बंद होतो, आणि भलेभले तासभर बॅटरीशी झटत बसतात. हसू नका, रोज कुठे ना कुठे हे घडत असतं.

त्यानंतर साइड स्टँड. गाडी गिअरमध्ये असेल आणि स्टँड खाली असेल, तर बऱ्याच गाड्या सेल्फ घेतच नाहीत. स्टँडच्या बिजागरीजवळचा स्विच चिखलाने भरतो आणि स्टँड वर असूनही गाडीला तो खाली वाटतो. पाण्याने धुऊन, स्टँड दहा-पंधरा वेळा वरखाली करून बघा. तसंच क्लचच्या दांडीखाली एक छोटा स्विच असतो. क्लच पूर्ण दाबा, थोडा हलवा, पुन्हा बटण दाबा. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलाय का, तेही बघा. न्यूट्रलमध्ये सुरू न होणारी गाडी क्लच दाबल्यावर सुरू झाली, तर न्यूट्रल स्विचवर संशय घ्यायला जागा आहे.

## ४. फ्यूज आणि टर्मिनल

फ्यूज काढून उजेडात धरा. आतली पट्टी तुटलेली असेल तर त्याच क्षमतेचा नवा घाला. तोही लगेच उडाला, तर कुठेतरी वायर चिरडून शॉर्ट झालीय. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावून वेळ मारून नेऊ नका. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

टर्मिनलचा स्क्रू हाताने हलतो का बघा. सतत थरथरणाऱ्या गाडीत तो सैल होतोच. वर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर वायर सोडवा, पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने घासा, कोरडं करा, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत साफ करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीनचा हलका हात द्या. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये.

सोडवताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. जोडताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. कारण साधं आहे. गाडीची सगळी चॅसी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चॅसीला टेकला, तर बॅटरी थेट शॉर्ट होते.

निगेटिव्हच्या वायरीचं, म्हणजे अर्थिंगच्या वायरीचं, दुसरं टोक विसरू नका. ते इंजिनला किंवा चॅसीला बोल्टने जोडलेलं असतं, चिखलात असतं आणि सहसा कोणी तिकडे बघत नाही.

## ५. आता मोजा

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजवर ठेवा. लाल टोक पॉझिटिव्हला, काळं निगेटिव्हला.

पहिलं मोजमाप, गाडी बंद असताना. नुकतीच चालवलेली किंवा चार्ज केलेली बॅटरी खोटा, वाढीव आकडा दाखवते. काही तास थांबा, किंवा घाई असेल तर मिनिटभर हेडलाइट लावून, बंद करून मग मोजा. लेड-ॲसिड बॅटरीचा हिशोब साधारण असा:

- १२.६ ते १२.८ व्होल्ट: भरलेली
- १२.४: पाऊण भरलेली
- १२.२: अर्धी
- १२.० आणि खाली: जवळपास रिकामी

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. त्यामुळे नीट चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकला, तर एक सेल मेला असं समजा. ही बॅटरी खरोखरच बदलायची.

दुसरं मोजमाप, सेल्फ मारताना. मीटरची टोकं तशीच धरून बटण दाबा. व्होल्टेज खाली जाणारच, पण १० च्या आसपास टिकला पाहिजे. गाडी बंद असताना १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ८ वर कोसळली, तर ती फक्त दिखाव्यापुरती भरलेली आहे, आतून संपलीय. उलट व्होल्टेज ११ च्या वर टिकूनही सेल्फ सुस्त असेल, तर बॅटरीकडून करंट निघतच नाहीये. वाटेतली वायर, रिले किंवा मोटर तपासा.

अर्थिंगची परीक्षाही याच वेळी करून टाका. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवा. तो अर्धा-एक व्होल्ट दाखवू लागला, तर अर्थिंग खराब आहे. मघाशी सांगितलेली माझी वायर या एका चाचणीत पकडली गेली असती.

तिसरं मोजमाप, गाडी चालू असताना. हे लोक सर्वांत जास्त टाळतात, आणि नव्या बॅटऱ्या इथेच मरतात. गाडी सुरू करा (किक मारून किंवा दुसऱ्या बॅटरीच्या आधाराने), हेडलाइट लावा आणि ४-५ हजार आरपीएमला बॅटरीवरचा व्होल्टेज बघा. तो साधारण १३.८ ते १४.५ हवा, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये सापडेल. रेस दिली तरी आकडा १३ च्या वर जातच नसेल, तर बॅटरी चार्ज होत नाहीये. मॅग्नेटची (इंजिनवर वीज बनवणाऱ्या भागाची) कॉइल, ती वीज बॅटरीजोगी करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर (गॅरेजच्या भाषेत आरआर) किंवा त्यांच्यामधला कपलर जळलाय. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. तो बॅटरीला उकळवून मारतो आणि बल्बही उडवतो. दोन्ही परिस्थितींत नवीन बॅटरी आणणं लांबणीवर टाका.

चार्जिंग ठीक, बॅटरी ठीक, तरी दोन-चार दिवस उभी राहिली की उतरते? मग करंट कुठेतरी झिरपतोय. चावी बंद करा, निगेटिव्हची वायर सोडवा, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून सोडवलेली वायर आणि निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. या अवस्थेत चावी फिरवू नका, सेल्फ तर अजिबात नाही, मीटर जळेल. घड्याळ आणि ईसीयूसाठी (इंजिनच्या कॉम्प्युटरसाठी) काही मिलिअँपिअर जाणं स्वाभाविक आहे. पण ५० मिलिअँपिअर जात असतील, तर ६ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) भरलेली बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते. जीपीएस ट्रॅकर, अलार्म, थेट बॅटरीवर जोडलेला मोबाइल चार्जर: बाहेरून बसवलेल्या वस्तू एकेक काढून आकडा कधी खाली येतो ते बघा.

## ६. इंजिन फिरतं, पण गाडी घेत नाही

इथे बॅटरी सोडून पेट्रोल, ठिणगी आणि हवा बघायची. थोडक्यात सांगतो.

पेट्रोल आहे का, कॉक चालू किंवा रिझर्व्हला आहे का, थंड इंजिनला चोक दिलाय का? इंजेक्शनची गाडी असेल तर चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू यायला हवी. ती आली नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले तपासा. पंपालाही व्होल्टेज लागतो, म्हणूनच पूर्ण उतरलेल्या बॅटरीची इंजेक्शनची गाडी सहसा ढकलूनही सुरू होत नाही.

गाडी सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडत असेल, तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा प्रयत्न करा. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही.

मग प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. काळं, कोरडं, काजळीसारखं असेल तर साफ करा किंवा बदला. पेट्रोलने ओलं असेल तर गाडी ओव्हर झालीय, म्हणजे इंजिनात जास्त पेट्रोल गेलंय. प्लग पुसून वाळवा, परत बसवा, चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारा. ठिणगी बघायची तर प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनला पक्का टेकवून ठेवा. प्लग हातात धरायचा नाही, आणि प्लगच्या भोकाजवळ तर मुळीच न्यायचा नाही, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. काही कंपन्या ही चाचणी करू नका असंच सांगतात. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असेल तर सरळ नवा प्लग घालून बघा.

## ७. बदलण्याआधी एकदा नीट चार्ज करा

मोटरसायकलच्या बॅटरीसाठी बनवलेला चार्जर वापरा. लेड-ॲसिडला क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट द्यायचा. ६ एएचला सुमारे ०.६ अँपिअर, म्हणजे रात्रभराचं काम. मोठ्या गाडीचा दणकट चार्जर लावून तासाभरात उरकायला गेलात तर बॅटरी तापते, फुगते. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्यामुळे खिडकी उघडी, बिडी-सिगारेट लांब.

जुन्या पद्धतीच्या, झाकणं असलेल्या बॅटरीत पाण्याची पातळी दोन रेघांच्या मध्ये हवी. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नको, ॲसिड तर नकोच. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

चार्ज करून रात्रभर ठेवली, सकाळी १२.५ च्या वर आहे आणि सेल्फ मारताना १० च्या आसपास टिकतेय, तर ती अजून चालेल. चार्ज धरत नसेल, पोट फुगलं असेल किंवा डबा चिरला असेल तर विषय संपला.

## ८. नवीन बॅटरी कशी निवडायची

आधी माप, मग कंपनी. जुन्या बॅटरीवरचा कोड उतरवून घ्या. १२एन५-३बी अशा कोडमध्ये १२ म्हणजे व्होल्ट आणि ५ म्हणजे एएच. पण वायटीएक्स मालिकेत हा नियम लागत नाही आणि इथेच लोक फसतात: वायटीएक्स९-बीएस ही ९ नव्हे, ८ एएचची असते, आणि वायटीएक्स७एल-बीएस ६ एएचची. कोडमधला 'एल' म्हणजे टर्मिनल तुमच्या बाजूला ठेवून पाहिलं तर पॉझिटिव्ह उजवीकडे. तो चुकला तर वायर पोचत नाहीत. ओढून-ताणून उलट्या जोडल्या तर फ्यूज उडतो आणि रेक्टिफायरही जाऊ शकतो.

लांबी-रुंदी सारखी असून उंची वेगळी, असंही होतं. वायटीएक्स५एल आणि वायटीएक्स७एल वरून पाहिल्या तर सारख्याच, पण ७एल अडीच सेंटिमीटर उंच. जुनी बॅटरी सोबत न्या.

मोठी घेऊ का? ट्रेमध्ये बसत असेल तर एखादा एएच जास्त चालतो, कमी मात्र नको. पण एक्स्ट्रा दिव्यांसाठी मोठी बॅटरी घेणं हा गैरसमज आहे. ५५ वॉटचे दोन दिवे मिळून नऊ अँपिअरच्या आसपास ओढतात. तेवढं मॅग्नेट बनवत नसेल, तर मोठी बॅटरी फक्त थोडी उशिरा उतरेल. टाकी मोठी केली म्हणून नळाची धार वाढत नाही.

प्रकार कोणता? पाणी घालायची साधी बॅटरी स्वस्त, पण लक्ष मागते, आणि तिची वाफेची नळी नीट खाली सोडावी लागते. सीलबंद एजीएमची (ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषून ठेवणारी) बॅटरी बहुतेकांसाठी योग्य: पाणी नको, थरथर सोसते, सेल्फला जोमदार करंट देते. साध्या बॅटरीच्या जागी एजीएम घालायची असेल तर चार्जिंग व्होल्टेज १४.५ च्या आत आहे याची खात्री करा. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाला अगदी हलकी असते, पण रोजच्या गाडीला मी तिचा आग्रह धरणार नाही. कडाक्याच्या थंडीत ती मंदावते, तिला वेगळा चार्जर लागतो आणि रेग्युलेटर बिघडला तर ती लेड-ॲसिडइतकं सोसत नाही. शिवाय तिच्यावर छापलेला एएच कधी कधी 'लेड-ॲसिडच्या तुलनेत' असा असतो, खरी क्षमता त्याच्या कितीतरी कमी. तिचे व्होल्टेजचे आकडेही वेगळे: भरलेली असताना १३.३ च्या आसपास. पाचव्या मुद्द्यातला तक्ता तिला लावू नका.

सीसीए हा आकडाही बघा. उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरी ३० सेकंद, ७.२ व्होल्टच्या खाली न जाता किती अँपिअर देऊ शकते, ते तो सांगतो. मोठ्या एक सिलिंडरच्या इंजिनला एएचपेक्षा हा आकडा जास्त महत्त्वाचा.

उत्पादनाचा महिना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आधीच ॲसिड भरलेली बॅटरी शेल्फवर बसून उतरत जाते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. दुकानातच मीटर लावायला सांगा. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा.

## ९. बसवताना

ॲसिडची बाटली वेगळी आली असेल तर त्यासोबतची सगळी सूचना पाळा: पूर्ण बाटली रिकामी होऊ द्या, अर्धा-एक तास मुरू द्या, पहिलं चार्जिंग पूर्ण करा, मगच गाडीत. "लगेच बसवा, चालवताना होईल चार्ज" असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. सुरुवातीला अर्धवट भरलेली बॅटरी पुढे कधीच पूर्ण क्षमता देत नाही.

पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह नंतर, रबरी टोपी जागेवर, आणि पट्टा आवळून बॅटरी हलत नाही याची खात्री. मग गाडी सुरू करून तिसरं मोजमाप पुन्हा घ्या आणि तो आकडा तारखेसह वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून ठेवा. दुकानाचा शिक्का आणि बॅटरीचा क्रमांक कार्डावर आलाय का, हे तिथेच तपासा.

जुनी बॅटरी भंगारात किंवा कचऱ्यात टाकू नका. तिच्यात शिसं आणि ॲसिड असतं. बॅटरीचे दुकानदार ती परत घेतात आणि बहुधा तिचे पैसेही वळते करतात.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर निगेटिव्ह सोडवून ठेवा आणि दर महिन्याला व्होल्टेज बघा, १२.४ च्या खाली गेला की चार्जरला लावा. दर आठवड्याला पाच मिनिटं जागेवर सुरू करून ठेवण्याने काही साधत नाही. सेल्फने घेतलेला करंटसुद्धा तेवढ्यात भरून निघत नाही.